आठ दिवसांचं बिऱ्हाड

“अगं, ह्या वेळी आईला घेऊन आपण घरासकट फिरायला जायचं,” वन्सं फोनवर म्हणाल्या तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. मला वाटलं, मोहरीच्या तडतडीत काहीतरी भलतंच ऐकू आलं. पण वन्सं खरोखरच घराबद्दल बोलत होत्या. चाकांवरच्या घराबद्दल!

आमच्या वन्सं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळ राहतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मे महिन्यात मोकळी. गेल्या वर्षी सासूबाई, मी आणि आमचे दहा वर्षांचे चिरंजीव असे तिघं सहा आठवडे त्यांच्याकडे जाऊन आलो. ह्यांना रजा मिळाली नाही. “तुम्ही जा, मी इकडे घराचं बघतो,” असं हे म्हणाले, आणि ‘घराचं’ ह्या शब्दाबरोबर सासूबाईंनी तोंड फिरवलं.

त्याचं कारण आधी सांगायला हवं. आमचं घर सांगलीला, गावभागात. सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या माजघरात ते दाराच्या चौकटीपर्यंत चढलं. आम्ही होडीतून बाहेर पडलो ते अंगावरच्या कपड्यांनिशी आणि सासूबाईंच्या एका पत्र्याच्या ट्रंकेनिशी. घर धुऊन, पुसून, रंग देऊन पुन्हा उभं केलं, तर जुलै २०२१ मध्ये परत पाणी आलं. मग मात्र आम्ही विश्रामबागेच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला आणि घराला कुलूप लावलं.

ह्यांचं म्हणणं, घर विकून टाकावं. वन्संचं म्हणणं, अजिबात विकायचं नाही, माझं माहेर राहणार नाही. कागदावर तिघांच्या सह्या लागणार. आणि सासूबाई? त्या काहीच बोलत नव्हत्या. फ्लॅटमध्ये आणलेली ती ट्रंक त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. खिडकीत मी तुळस लावली, तर तिला पाणी घालायचं तेही मीच. “आपलं घर नाही हे,” एवढंच म्हणायच्या.

तेव्हा अमेरिकेला निघताना माझ्या पोटात जो गोळा आला होता तो काही विमानाचा नव्हता. समोरासमोर बसल्यावर घराचा विषय निघणार, त्याचा होता. आणि निघणार कुठे, तर पंचवीस फुटांच्या गाडीत, जिथे रुसून जायला दुसरी खोली नाही!

गाडी आणि तयारी

ह्या गाडीला तिकडे आर.व्ही. म्हणतात. तिचे प्रकार पुष्कळ. काही आपल्या एस.टी.एवढ्या, काही स्वतःच्या मोटारीमागे जोडून ओढायच्या, तर काही म्हणजे आतून सजवलेली व्हॅन. आमची मधल्यातली. पुढे ट्रकसारखी केबिन, केबिनच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग, मागे छोटी खोली. जेवणाचं टेबल खाली दुमडलं की त्याचाही पलंग होतो. शेगड्यांचा ओटा, गॅसची टाकी, विजेवर आणि गॅसवर दोन्हींवर चालणारा फ्रीज, आणि मोरीएवढं न्हाणीघर. आम्ही तिघं, वन्सं, भाऊजी आणि त्यांची पंधरा वर्षांची लेक अशी सहा माणसं त्यात मावली. गाडी भाड्यानं मिळते आणि नेहमीच्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. पेट्रोल मात्र अशी पिते की विचारू नका. लिटरला जेमतेम चार किलोमीटर!

‘चला, निघू या, मुक्कामाचं वाटेत बघू’ ही आपली पद्धत इथे उपयोगाची नाही. तिकडचा उन्हाळ्याचा हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. त्या दिवसांत सरकारी उद्यानांमधले गाडीतळ महिनोन् महिने आधी भरून जातात. वन्संनी बाहेर बर्फ पडत असतानाच आमच्या जागा धरून ठेवल्या होत्या. जागा धरताना गाडीची लांबी सांगावी लागते. शिवाय तिथे वीज, नळ आणि सांडपाण्याची जोडणी ह्यांपैकी काय मिळणार ते विचारून घ्यावं लागतं. कुठे तिन्ही मिळतं, कुठे नुसती वीज, कुठे नुसतं आकाश.

ह्या लोकांत तीनाचा एक नियम सांगतात. दिवसाला तीनशे मैलांच्या वर, म्हणजे साधारण ४८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा. आणि जमेल तिथे तीन रात्री राहायचं. मला तो फार आवडला. आपल्याकडे सहल म्हणजे पहाटे चारला उठून पाच देवळं उरकायची आणि घरी येऊन दोन दिवस झोपायचं!

सामानाची यादी वन्संनी चार पानांची केली होती. मी ती वाचली आणि म्हटलं, “वन्सं, मला एक कुकर, एक कढई, एक तवा, पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबा द्या. बाकी सगळं घरी राहू दे.” दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी मी आदल्या दिवशी करून घेतली. पहिल्या दोन दिवसांचं निभावलं. पुढे रोज कुकरला खिचडी नाहीतर पिठलं-भात, आणि दुपारी ब्रेडला चटणी.

तरी पहिल्याच वळणावर फजिती झाली. कपाटाची खिटी नीट लागली नव्हती, दार उघडलं आणि पोह्यांचा डबा थेट सासूबाईंच्या मांडीवर! तेव्हापासून निघण्यापूर्वी सगळ्या खिट्या तपासायचं काम चिरंजिवांकडे दिलं. जड ते खाली, हलकं ते वर, काचेचं काही नाहीच, हे त्या घराचे नियम. आणखी एक म्हणजे तळावर गाडी उभी केली की ती सपाट आहे का ते बघायचं आणि नसेल तर चाकाखाली ठोकळे घालायचे. नाहीतर घिरडं एका बाजूला जाड होतं आणि फ्रीजही रुसतो.

दहा बादल्यांचा हिशेब

पण खरी गंमत पाण्याची. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी ओट्याच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. स्वच्छ पाणी आमच्या गाडीत दीडशे लिटर. म्हणजे आपल्या दहा बादल्या, आणि माणसं सहा!

वन्संच्या लेकीनं पहिल्याच रात्री एका अंघोळीत चार बादल्यांचा फडशा पाडला. वन्सं गोंधळल्या. त्यांच्याकडे नळ सोडला की पाणी आणि बटण दाबलं की भांडी घासून तयार. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या गल्लीत सकाळी तासभर नळ येतो. त्यात पिण्याचं भरायचं, वापरायचं साठवायचं, आणि तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालायचं, हे मी लग्न झाल्यापासून करते आहे. भांडी आधी कागदानं पुसायची, मग एका घमेल्यात विसळायची. अंघोळ भांड्यानं मोजून. दोन दिवसांत पाण्याचं सगळं खातं माझ्याकडे आलं.

मैत्रिणींनो, आजवर वन्संपुढे मला नेहमी थोडं दबल्यासारखं व्हायचं. त्या इंजिनिअर, मी साधी बी.ए. त्या सांगलीला आल्या की मी स्वयंपाकघरात आणि त्या बाहेर पाहुण्यांत. ह्या गाडीत स्वयंपाकघर आणि बाहेर असं काही वेगळं नव्हतंच. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून कणीक मळायच्या आणि “पाणी किती घालू?” असं विचारायच्या.

विजेचंही तसंच. तळावरची वीज मोजकी असते. एकदा वातानुकूलन चालू असताना भाऊजींनी मायक्रोवेव्ह लावला, वन्संनी पाण्याची किटली लावली, आणि झाला अंधार!

तिसऱ्या टाकीचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. ती ठरावीक जागी नेऊन, जाड नळी जोडून रिकामी करायची असते. आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे मागून आलेल्या पाण्यानं नळी धुऊन निघते. भाऊजींनी हातमोजे चढवले तेव्हा सासूबाई अगदी अवघडून गेल्या. “जावयानं हे काम करायचं?” भाऊजी हसून म्हणाले, “आई, ज्यानं स्टिअरिंग धरलं त्यानंच नळी धरायची, असा इथला रिवाज आहे.” सासूबाईंनी पदर नाकाला लावला, पण संध्याकाळी भाऊजींच्या पानात तूप जरा जास्तच पडलं.

पश्चिमेकडे

आमचा रस्ता मिनियापोलिसहून साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्सपर्यंतचा. एका बाजूचे साडेनऊशे-हजार किलोमीटर. पहिला मुक्काम सू फॉल्सला, जिथे नदी गुलाबी खडकांवरून उड्या मारत जाते. सासूबाईंनी नदीकडे बघून हात जोडले, पण जवळ काही गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिचेल गावात मक्याचा महाल पाहिला. इमारत पक्की आहे, पण बाहेरच्या भिंतींवर रंगीबेरंगी मक्याच्या कणसांची चित्रं लावतात आणि ती पुन्हा पुन्हा नव्यानं करतात. पुढे चेंबरलेनजवळ मिझुरी नदीच्या काठावर एक पन्नास फुटी पुतळा आहे, २०१६ साली उभारलेला. तिथल्या मूळच्या लाकोटा आणि डकोटा लोकांच्या सन्मानार्थ एक स्त्री उभी केली आहे. तिनं दोन्ही हातांनी पाठीमागून एक गोधडी पांघरायला घेतली आहे, निळ्या चौकटींच्या चांदणीची. त्या लोकांत अशी चांदणीची गोधडी मानानं देतात. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, गोधडी घेतलेल्या बाईचा एवढा मोठा पुतळा! सासूबाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. त्यांच्या हातच्या गोधड्या पुरात गेल्या, हे मला तेव्हाच आठवलं.

नदी ओलांडली की गवताळ माळ लागतो तो संपतच नाही. वाटेत घड्याळ एक तास मागे करावं लागतं. मग एकाएकी जमीन फाटल्यासारखी दिसते आणि बॅडलँड्स सुरू होतात. पांढरे, पिवळे, गुलाबी पट्टे असलेले मातीचे सुळके आणि घळी. लाकोटा भाषेतही ह्या जागेला ‘वाईट जमीन’ अशाच अर्थाचं नाव आहे. एके काळी इथे समुद्र होता. आता पावसापाण्यानं हे सुळके वर्षाला साधारण एक इंच झिजतात. चिरंजीव म्हणाले, “म्हणजे पुढच्या वर्षी आलो तर हे नसणार!” त्यांचं गणित तसंच आहे, पण भूगोल कळला.

त्या रात्री जे झालं ते मात्र विसरणार नाही.

माळावर सीडर पास नावाचा तळ आहे. भोवती झाड असं नाहीच. रात्री अकराच्या सुमाराला वादळ आलं. वारा गाडीला धरून हलवू लागला, विजा चमकू लागल्या आणि पत्र्यावर गारा अशा वाजायला लागल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी दिवा लावला तर सासूबाई खाली पाय सोडून बसलेल्या, आणि अंधारात जमीन हातानं चाचपत होत्या.

“पाणी आलं का गं? किती आलं?”

मी म्हटलं, “आई, नाही हो. आपण डोंगराकडे आहोत. इथे नदी नाही.” पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. पिशवीत कपडे कोंबत होत्या आणि “ट्रंक वर घे, ट्रंक वर घे,” म्हणत होत्या.

वन्सं वरच्या पलंगावरून खाली उतरल्या. त्यांनी आईचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळत बसल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. पूर आला तेव्हा त्या इथे होत्या. मोबाइलवर त्यांनी पाणी पाहिलं होतं, पत्रे बुडालेले पाहिले होते, रडल्याही होत्या. पण पाऊस वाजला की त्यांची आई अजून अशी उठून बसते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ‘घर विकण्यासाठी आईचं निमित्त पुढे करता’ असं त्यांना वाटलं असतं, अशी मला भीती होती.

तासाभरानं वादळ गेलं. सासूबाई झोपल्या. मी गॅसवर चहा ठेवला. वन्सं हळूच म्हणाल्या, “दर पावसाळ्यात असं होतं?” मी म्हटलं, “दर रात्री नाही. पण होतं.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दोघींनी चहा घेतला आणि पहाटेपर्यंत तशाच बसून राहिलो.

हंगामी माणसं

दुसऱ्या दिवशी वाटेत वॉल नावाचं गाव लागलं. तिथलं औषधांचं दुकान फार प्रसिद्ध आहे, आणि तेही एका गृहिणीच्या डोक्यानं! १९३१ साली एका जोडप्यानं हे दुकान घेतलं. गिऱ्हाईकच येईना. १९३६ च्या उन्हाळ्यात बाईंच्या मनात आलं की रस्त्यानं एवढ्या मोटारी जातात, माणसं तहानलेली असणार. ‘बर्फाचं पाणी फुकट’ अशा पाट्या लावाव्यात. पाट्या लागल्या आणि दुकानापुढे रांग लागली. आज ते दुकान बाजारपेठेएवढं झालं आहे, पण पाणी अजूनही फुकट.

तिथून कस्टर स्टेट पार्कला तीन रात्री मुक्काम केला. रानगव्यांसारख्या थोराड बायसनांचा मोठा कळप तिथे मोकळा हिंडतो. जूनच्या सुरुवातीला त्यांची तांबूस वासरं आयांच्या पायांत घुटमळत असतात. आमच्या गाडीपुढे एक कळप अर्धा तास रस्ता अडवून उभा होता. गाडीतून खाली उतरायचं नाही आणि हॉर्न वाजवायचा नाही, हा नियम. एक मोठी चूक मात्र आमच्या लक्षात आली. तिथला सुळक्यांमधून जाणारा सुंदर रस्ता एका अवघ्या आठ फूट रुंद बोगद्यातून जातो. आमचं घर त्यातून कसं जाणार? जाणकार लोक घरामागे एक छोटी मोटारही बांधून आणतात, ती ह्याचसाठी. लांबी-रुंदीची चौकशी घरून निघतानाच करावी, हा धडा मिळाला.

जवळच माउंट रशमोरच्या कड्यावर चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे कोरले आहेत. ते काम १९२७ ते १९४१ चाललं होतं. पण हे डोंगर लाकोटा लोकांना पवित्र. १८६८ च्या तहानं ते त्यांनाच दिलेले होते. पुढे सोनं सापडलं आणि डोंगर काढून घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली, पण त्या लोकांनी पैसे घेतले नाहीत, आम्हाला आमचे डोंगर हवेत म्हणाले. भाऊजींनी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बरोबर आहे. सही केली की संपलं.” गाडीत एकदम शांतता पसरली.

तळावर आमच्या समोरच एक आजी-आजोबा राहत होते. सत्तरीच्या पुढचे. ते तळाची देखरेख करतात आणि त्या बदल्यात त्यांना उन्हाळाभर जागा फुकट. आजींच्या दारात जिरॅनियमची कुंडी होती, लाल फुलांनी भरलेली. सासूबाई रोज सकाळी त्या कुंडीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी आजींनी खुर्च्याच मांडल्या आणि वन्संना मध्ये घेऊन दोघींच्या गप्पा झाल्या.

त्यांचं घर आयोवा राज्यात होतं. मुलं लांब गेली, घर झेपेना, म्हणून आठ वर्षांपूर्वी विकलं आणि ही गाडी घेतली. उन्हाळा इथे. थंडी पडायच्या आत दक्षिणेला ॲरिझोनाच्या वाळवंटात. तिकडे क्वार्टझाइट गावाजवळ सरकारी मोकळी जमीन आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढून राहता येतं. अशा हजारो गाड्या तिथे हिवाळ्यात जमतात, पाखरांसारख्या. म्हणून त्यांना ‘बर्फाची पाखरं’ असंच म्हणतात. कागदोपत्री एक कायमचा पत्ता लागतो, तो बरेच जण साउथ डकोटाचा घेतात, कारण ह्या राज्याचा प्राप्तिकर नाही.

आणि मधल्या ऑक्टोबरमध्ये? तर आजोबा म्हणाले, बीटाच्या हंगामाला जातो. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बीटाची शेतं आहेत. हंगाम आला की गाड्यांतून राहणारी माणसं बारा-बारा तासांच्या पाळीवर तिथे कामाला जातात.

मी चमकलेच. लग्नाआधी दोन हंगाम मी साखरशाळेत शिकवलं आहे. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची माणसं बैलगाड्यांत संसार घालून आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला येतात, कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि हंगाम सरला की परत जातात. त्यांची मुलं माझ्या वर्गात असायची. इथेही साखर आणि तिथेही साखर! पण फरक मोठा आहे. ह्या आजोबांच्या गाडीत शेगडी, फ्रीज, अंघोळीला गरम पाणी. नको वाटलं तर काम सोडून जाता येतं. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि आधीच घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. इथेही सगळेच काही हौसेनं रस्त्यावर आलेले नाहीत. २००८ च्या मंदीत ज्यांची घरं गेली अशी पुष्कळ म्हातारी माणसं गाड्यांत राहू लागली. जेसिका ब्रूडर ह्या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. क्लोई झाओ ह्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला २०२१ च्या समारंभात ऑस्कर मिळालं. त्यातली काही दृश्यं ह्याच बॅडलँड्समध्ये आणि वॉलच्या दुकानात घेतली आहेत.

सासूबाईंना ह्यातलं काही नको होतं. त्यांचा एकच प्रश्न होता. “विचार गं तिला, गाडी हलते तेव्हा ही कुंडी कुठे असते?”

आजी हसल्या. “न्हाणीघरात,” म्हणाल्या. “तिथेच ती पडत नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या की पहिल्या वर्षी मीही फार रडले. मग ठरवलं, माझं घर गेलं नाही, त्याचे दोन तुकडे झालेत. एक थंडीतला आणि एक उन्हाळ्यातला. एकात असले की दुसऱ्याची आठवण काढायची नाही.

चातुर्मास

शेवटच्या रात्री आम्ही शेकोटी केली. लाकूडसुद्धा तिथलंच विकत घ्यावं लागतं, कारण बाहेरच्या लाकडातून झाडांना कीड लागते. वन्संनीच विषय काढला. “आई, घराचं तू सांग. मी म्हणते म्हणून नको आणि तो म्हणतो म्हणून नको.”

सासूबाई निखाऱ्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “आपल्या शेजारच्या जैन मंदिरात मुनिमहाराज येतात ना, ते आठ महिने विहार करतात आणि चातुर्मासात एका जागी राहतात. मी तसंच करणार, जरा उलटं. आठ महिने माझ्या घरात. पावसाचे चार महिने वर, तुमच्या फ्लॅटात. पाऊस लागला की मला तिथे ठेवू नका. आणि पाऊस सरला की मला इथे अडवू नका. सही मी मेल्यावर करा काय करायची ती.”

वन्सं रडल्या. मलाही रडू आलं, पण माझ्या डोक्यात लगेच हिशेबही सुरू झाला. दोन ठिकाणचा संसार, भाडं, दुरुस्ती. फोनवर ह्यांना सांगितलं तर तेही पहिल्यांदा तेच म्हणाले. मग म्हणाले, “आई बोलली ना? मग बघू.” वन्संनी दुरुस्तीचा अर्धा खर्च उचलायचं कबूल केलं. ओढाताण आहेच, आणि दहा वर्षांनी काय होईल कोण जाणे.

परत आलो ते भर पावसात. दसरा झाल्यावर गावभागातलं कुलूप काढलं. ह्या वेळी घर लावलं ते मी आमच्या गाडीसारखं लावलं. मोठं कपाट नाही, दिवाण नाही. घडीचं टेबल, घडीच्या खुर्च्या. एवढंच, की इथे वजनाचा नियम उलटा; किमतीचं ते सगळं वरच्या फळीवर. तासाभरात दोन रिक्षांमध्ये भरून नेता येईल एवढाच संसार, आणि त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. ट्रंक सासूबाईंनी स्वतः उघडली. आत त्यांच्या लग्नातला शालू, तांब्याचं ताम्हन आणि आमच्या ह्यांची पहिलीची प्रगतिपुस्तकं होती.

ह्या वर्षी मृग लागायच्या आत त्यांनीच आठवण केली. रिक्षा बोलावली, सामान चढवलं. “तुळस मागून आणू,” मी म्हटलं, तर म्हणाल्या, “नको, पडेल.” त्यांनी कुंडी बादलीत ठेवली, बादली दोन्ही पायांत घट्ट धरली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “खड्डे बघून चालव रे बाबा. माझं बिऱ्हाड आहे.”